उलुरूवर चढता येत नाही, मग जायचं कशाला? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात ऑस्ट्रेलियाच्या मधोमध असलेल्या लाल वाळवंटाबद्दल, म्हणजे उलुरू आणि तिथल्या खडकांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, इनबॉक्स भरून गेला. निम्म्या मेलमध्ये फक्त "ताई, पॅकेज कुठलं घेऊ" एवढंच होतं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. बाकीच्यांतले काही प्रश्न इथे घेतेय. दोन-तीन प्रश्न जोडून एक केलेत, रागावू नका.

ताई, माझे मोठे दीर 1998 साली उलुरूवर चढून आले होते, वरचा फोटो अजून त्यांच्या हॉलमध्ये आहे. आता चढायला बंदी आहे म्हणे. एवढे पैसे घालून जायचं आणि खालूनच बघून परत यायचं, मग फोटोत बघितलेलं काय वाईट?
– एक वाचक, सिडनी

दिरांना काही बोलू नका, त्या काळी हजारो लोक चढायचे आणि चढायला लोखंडी साखळीसुद्धा होती, 1964 मध्ये बसवलेली. पण ती साखळी ज्यांच्या घरात ठोकली होती त्यांना कोणी विचारलं नव्हतं, तिथून गोष्ट सुरू होते.

उलुरू ही आनंगू लोकांची जागा. आनंगू म्हणजे पिटजंटजारा आणि यांकुनिटजारा बोलणारे तिथले मूळ लोक, हजारो वर्षांपासून तिथेच आहेत. 1873 मध्ये विल्यम गॉस नावाचा सर्व्हेअर तिथे पोचला आणि साउथ ऑस्ट्रेलियातले एक बडे राजकारणी हेन्री एअर्स यांच्या नावावरून त्याने त्याला एअर्स रॉक म्हटलं, म्हणजे नावसुद्धा बाहेरून आलेलं. मग 1958 मध्ये आदिवासींच्या राखीव जमिनीतून हा तुकडा कापून नॅशनल पार्क केला. शेवटी 26 ऑक्टोबर 1985 ला जमीन आनंगूंना परत मिळाली, पण अट अशी की लगेच 99 वर्षांच्या लीजवर पार्कसाठी सरकारला परत द्यायची. आणि यात एक मेख आहे. 1983 मध्ये पंतप्रधान हॉक यांनी जमीन परत करायची म्हणून जे मुद्दे जाहीर केले त्यात चढाई बंद करणं होतं, पण प्रत्यक्ष करार झाला तेव्हा चढाई चालूच राहिली. आनंगू तेव्हापासून बोर्ड लावून सांगत होते की कृपया चढू नका. सांगत होते हां, अडवत नव्हते. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये पार्कच्या बोर्डाने, ज्यात आनंगूंचं बहुमत आहे, एकमताने ठरवलं आणि 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई कायमची बंद झाली. तारीख मुद्दाम तीच, जमीन परत मिळाल्याची.

लोकांना वाटतं की "पवित्र आहे म्हणून बंद", एवढंच कारण. ते आहेच, चढायची वाट ही आनंगूंच्या गोष्टींतल्या माला नावाच्या पूर्वजांच्या वाटेवरूनच जाते. पण दुसरं कारण मला जास्त भिडतं. त्या चढाईत आजवर 37 माणसं गेली आहेत, कोणी पडून, कोणी उन्हाने आणि हार्ट अटॅकने, आणि आनंगूंच्या दृष्टीने त्यांच्या जमिनीवर आलेला माणूस हा पाहुणा, त्याला काही झालं तर जबाबदारी त्यांची आणि दुःखही त्यांचं. आपल्या घरी आलेला पाहुणा गच्चीच्या कठड्यावर उभं राहून फोटो काढायला लागला तर आपल्यालाही घाम फुटेल की नाही? शिवाय वर संडास नव्हते. लोक वर जे करायचे ते पावसाबरोबर खालच्या पाणवठ्यात यायचं. जास्त सांगत नाही, समजून घ्या. वर चढणाऱ्यांना आनंगू "मिंगा" म्हणायचे, म्हणजे मुंग्या. लांबून बघितलं की तसंच दिसायचं म्हणे.

आता तुमचा मूळ प्रश्न. खालून बघून काय मिळतं. तर माझं स्पष्ट मत असं की वर गेलेल्याला उलुरू दिसतच नाही, वरून सपाट वाळवंट दिसतं. खालून मात्र सगळी प्रदक्षिणा करता येते, बेस वॉक म्हणतात त्याला, 10.6 किलोमीटर, रमतगमत साडेतीन-चार तास. माला कार पार्कपासून पहाटे निघायचं आणि खडक उजव्या हाताला ठेवून चालायचं, म्हणजे आपली देवळातली प्रदक्षिणा जशी असते अगदी तशीच. याचा व्यवहारी फायदाही आहे. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून उत्तरेची उघडी बाजू ऊन चढायच्या आत उरकते. लांबून गुळगुळीत ढेपेसारखा दिसणारा तो खडक जवळून बघितला की त्याला गुहा आहेत, घळी आहेत, पाण्याच्या काळ्या रेघा आहेत, मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं आहेत, भिंतीवर चित्रं आहेत. पोस्टकार्डावर जे दिसतं तो नुसता त्याचा आकार.

किती दिवस ठेवू, कुठल्या महिन्यात जाऊ, आणि विमानाने थेट जाऊ की अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून गाडीने?
– एक वाचक, मेलबर्न (आणि हेच विचारणारे आणखी पाच जण)

तीन दिवस. पार्कचा पाससुद्धा किमान तीन दिवसांचाच असतो, आणि 18 वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही. ऑनलाइन काढा, गेटवर वेळ जात नाही. एक दिवसात "सनराइज, सनसेट, निघालो" करणारे खूप असतात, त्यांनी नाही केलं तरी चालेल असं माझं मत.

महिने मे ते सप्टेंबर. पण जून-जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो हे लोक विसरतात, वाळवंट म्हणून टी-शर्ट घेऊन येतात आणि सूर्योदय बघायला हॉटेलचं ब्लँकेट गुंडाळून उभे असतात. डिसेंबर-जानेवारीत दिवसा चाळिशी पार, तेव्हा मुलांना घेऊन जायचंच असेल तर चालणं सकाळी अकराच्या आत संपवायचं आणि दर माणशी दर तासाला एक लिटर पाणी, यात काटकसर नको. माशा उन्हाळ्यात विशेष असतात, टोपीवरून घालायची जाळी मिळते ती घ्या, वेडगळ दिसते, पण दुसऱ्या दिवशी सगळेच वेडगळ दिसत असतात.

राहायची जागा म्हणजे युलारा, पार्कच्या बाहेरचं रिसॉर्टचं गाव, उलुरूपासून वीसेक किलोमीटर. पार्कच्या आत मुक्काम करता येत नाही. पूर्वी मोटेल अगदी खडकाच्या पायथ्याशी होती, ती हलवली आणि युलारा 1984 मध्ये सुरू झालं. सिडनी-मेलबर्नहून थेट विमान युलाराला उतरतं, वेळ कमी असेल तर तेच करा.

वेळ असेल तर मात्र गाडी. अ‍ॅलिसहून स्टुअर्ट हायवेने दोनशे किलोमीटर दक्षिणेला अर्लडंडा, तिथून उजवीकडे वळून लॅसेटर हायवे, सगळं मिळून साडेचारशे किलोमीटर, पाच तास. पेट्रोल दिसेल तिथे भरा. अंधारात अजिबात चालवू नका, कांगारू आणि रानटी उंट रस्त्यावर येतात, आणि भाड्याच्या गाडीच्या इन्शुरन्समध्ये बऱ्याचदा रात्रीचं ड्रायव्हिंग कव्हर नसतं, बारीक अक्षरं वाचा.

आणि हो, युलाराच्या शंभरेक किलोमीटर आधी डाव्या हाताला एक भलामोठा लाल डोंगर दिसेल. तो उलुरू नाही. त्याचं नाव आटिला, नकाशावर माउंट कॉनर, माथा टेबलासारखा सपाट. मी पहिल्यांदा गेले तेव्हा गाडी थांबवून, सगळ्यांना उतरवून, त्याचे चाळीसएक फोटो काढून फॅमिली ग्रुपवर "पोचलो!!" म्हणून टाकले होते. तासाभराने खरा उलुरू दिसला तेव्हा गाडीत कोणी काही बोललं नाही, पण मुलीने ती गोष्ट अजून सोडलेली नाही.

तो खरंच एकच दगड आहे का? की उल्का पडली होती? आणि रंग कसा बदलतो?
– इयत्ता आठवीतली एक वाचक

उल्का नाही गं, अगदी इथलाच आहे. साधारण 55 कोटी वर्षांपूर्वी तिथे जवळच उंच डोंगर होते, त्यांच्यावर झाडझाडोरा नव्हता, त्यामुळे पावसाने धुपून वाळू आणि दगडगोटे खाली वाहत आले आणि त्यांचे पंख्यासारखे थर साचले. एका पंख्यात मुख्यतः वाळू, दुसऱ्यात गोटे. मग 50 कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र आला, त्याच्या गाळाखाली हे सगळं दबून दगड झालं. पुढे 40 ते 30 कोटी वर्षांपूर्वीच्या काळात जमिनीच्या हालचालींनी सगळं मुडपलं आणि उलुरूचे आडवे थर जवळपास उभे झाले, वहीचा गठ्ठा टेबलावर उभा करावा तसे. आजूबाजूचा मऊ भाग झिजून गेला, हा राहिला. जमिनीवर 348 मीटर दिसतो, पण थर खाली बरेच खोल गेलेत, म्हणजे आपण जे बघतो ते टोक आहे. त्यामुळे "जमिनीवर ठेवलेला एक दगड" असं म्हणणं तसं बरोबर नाही.

दगडाचं नाव आर्कोज, फेल्डस्पार जास्त असलेला वालुकाश्म. मूळ रंग राखाडी! वरचं लोखंड हवापाण्याने गंजतं म्हणून लाल दिसतो. गुहेत आत बघितलंस तर राखाडी दगड दिसतो. सकाळ-संध्याकाळ सूर्य खाली असताना उजेड हवेच्या जाड थरातून येतो, निळा वाटेत विखुरतो, लाल-केशरी पोचतो, आणि आधीच लाल असलेला दगड पेटल्यासारखा होतो. पाऊस पडला तर जांभळट-काळा होतो आणि वरून धबधबे सुटतात, पण ते बघायला नशीब लागतं, माझं नव्हतं.

गोट्यांचा जो दुसरा पंखा होता ना, त्याचं झालं काटा जुटा. त्याबद्दल खाली येतेच.

आई 72, बाबा 76, आईचे गुडघे दुखतात. न्यावं का?
– एक वाचक, ब्रिस्बेन

न्या न्या. पूर्ण बेस वॉक नको. माला वॉक जाऊन-येऊन 2 किलोमीटर, सपाट, व्हीलचेअर जाते. कुनिया वॉक त्याहून छोटा, 1 किलोमीटर, शेवटी मुटिजुलू पाणवठा, झाडं, सावली, बसायला बाक. रस्ता उलुरूभोवती फिरतो त्यामुळे गाडीतूनही चारी बाजू दिसतात. सूर्यास्ताला गाडी लावायची जागा आहे, फोल्डिंग खुर्ची न्या, थर्मास न्या, बाबांना तेवढंच सगळ्यात आवडेल बघा.

मी फोटोग्राफी करतो. उलुरूच्या एका बाजूला बोर्ड होता की इथे फोटो नको. कल्चरल सेंटरमध्येही कॅमेरा बंद. रेंजरने एक गोष्ट अर्धी सांगितली आणि पुढचं विचारलं तर "एवढंच" म्हणाला. तिकीट काढून आलेल्या माणसाला हे जरा अपमानास्पद वाटत नाही का?
– एक वाचक, अ‍ॅडलेड

तुमचा राग मला समजतो कारण पहिल्या वेळी मलाही असंच टोचलं होतं. पण जरा शांतपणे बघू.

आनंगूंचं सगळं जगणं ज्यावर उभं आहे त्याला ते जुकुर्पा म्हणतात. इंग्रजीत त्याला ड्रीमटाइम वगैरे म्हणायची पद्धत पडली, पण त्यात स्वप्नबिप्न काही नाही. जग कसं घडलं, कोणी कोणाशी कसं वागायचं, लग्न कुठे जमतं, पाणी कुठे आहे, कुठलं फळ कधी पिकतं, कुठे जायचं नाही, असं सगळं एकत्र, म्हणजे धर्म, कायदा, नकाशा आणि शाळा एकाच पोतडीत. हे लिहिलेलं नाही. गोष्टीत, गाण्यात, नाचात आणि त्या खडकाच्या एकेका भेगेत आहे. आता समजा पोथी म्हणजेच तो खडक असेल तर खडकाच्या त्या भागाचा फोटो म्हणजे पोथीच्या पानाचा फोटो. आणि काही पानं फक्त बायकांची आहेत, काही फक्त पुरुषांची. बायकांच्या जागेचा फोटो इंटरनेटवर फिरला आणि एखाद्या आनंगू पुरुषाच्या नजरेस पडला तर त्याच्याकडून न कळत नियम मोडला जातो, तुमचं काही जात नाही पण त्याचं जातं. म्हणून बोर्ड. ईशान्येकडच्या बाजूला अशा जागा बऱ्याच आहेत, पण बोर्ड संपला की पुढे कॅमेरा काढायला कोणी अडवत नाही. ड्रोन परवान्याशिवाय चालत नाही, आणि फोटो विकणार असाल, चॅनलवर टाकून पैसे मिळवणार असाल तर परमिट लागतं, ते आधी काढा.

कल्चरल सेंटरचं म्हणाल तर तिथे कॅमेरा बंद असतो म्हणूनच लोक वाचतात. 1995 मध्ये मातीच्या विटांनी बांधलेली ती इमारत आहे, कुनिया आणि लिरू या दोन सापांच्या आकाराची. कुठे एखादा फोटो झाकलेला दिसला तर तो माणूस गेला असं समजा. गेलेल्याचं नाव काही काळ घेत नाहीत आणि चेहरा दाखवत नाहीत, घरच्यांना त्रास होतो म्हणून.

अर्धी गोष्ट. आपल्याला जे सांगितलं जातं ते तिथल्या लहान मुलांना सांगतात तेवढंच, पहिलीच्या पुस्तकाएवढं. पुढचं वयाने, नात्याने आणि त्या माणसाने काय केलंय त्यावर मिळतं, तिकिटावर मिळत नाही. पण पहिलीचं पुस्तकसुद्धा काय आहे बघा. कुनिया ही अजगर बाई, पूर्वेकडून अंडी घेऊन आली. तिच्या भाच्याला विषारी सापांनी, लिरूंनी, मारलं. ती जाब विचारायला गेली तर एक लिरू तिला बघून हसला. तिने रागाने वाळू उधळली, नाच केला, तरी तो हसतोच, मग तिने काठीने त्याच्या डोक्यावर एक वार केला आणि नंतर दुसरा. मुटिजुलू पाणवठ्याजवळ वर बघितलं की खडकावर दोन खोल चिरा दिसतात, एक छोटी, एक लांब. गाइडने गोष्ट सांगून झाल्यावर बोट वर केलं आणि आमच्या घोळक्यातले सगळे गप्प झाले. गोष्टीतला राग तिथे दगडात होता.

मालाची गोष्ट वेगळी, त्यात बोलावणं नाकारल्यावर चिडलेले लोक कुर्पानी नावाचा दुष्ट कुत्रा पाठवतात. ती मी इथे सांगत नाही, माला वॉकवर रेंजरबरोबर फुकट टूर असते, तिथे ऐका, जागेवरच तिला मजा आहे. एवढंच सांगते की माला म्हणजे एक छोटा वॉलबी, जो या भागातून पार नाहीसा झाला होता. 2005 मध्ये पार्कमध्ये कुंपण घालून त्यातले 24 परत आणून सोडले. आनंगूंनीच तो प्राणी परत हवा म्हणून निवडला, मुंबई-पुण्यात देवाची मूर्ती परत आली तर जशी मिरवणूक निघेल तसं वाटलं असेल त्यांना, असा माझा आपला अंदाज.

उलुरू बघितल्यावर काटा जुटा बघायलाच हवं का? आणि किंग्ज कॅनियन?
– एक वाचक, पर्थ

काटा जुटा म्हणजे "खूप डोकी". 36 घुमट, सगळ्यात उंच 546 मीटर, म्हणजे उलुरूपेक्षा जवळजवळ दोनशे मीटर जास्त, तरी पोस्टरवर नेहमी उलुरूच. युलारापासून पन्नासेक किलोमीटर. हा दगड काँक्रीटमध्ये गोटे घालावेत तसा दिसतो. ही जागा मुख्यतः पुरुषांच्या विधींची, म्हणून इथली गोष्ट पाहुण्यांना सांगतच नाहीत, पहिलीचं पुस्तकसुद्धा नाही. आखलेल्या वाटेवरून चालायचं. खरं सांगू का, मला उलुरूपेक्षा हे जास्त आवडलं, बहुतेक कोणी काही समजावून सांगत नव्हतं म्हणून. वॅली ऑफ द विंड्स 7.4 किलोमीटर, दगडधोंड्यांची चढउतार, चांगले बूट हवेत. 36 डिग्री किंवा जास्तीचा अंदाज असेल तर पुढची वाट सकाळी अकराला बंद करतात, त्यामुळे उजाडायला तिथे असा. दम कमी असेल तर वाल्पा गॉर्ज, 2.6 किलोमीटर.

किंग्ज कॅनियन युलाराहून तीनशे किलोमीटर, म्हणजे मुक्काम हवा. 6 किलोमीटरचा रिम वॉक, सुरुवातीलाच जीव काढणारा चढ. दिवस चौथा असेल तर जा, तिसऱ्यातच कोंबू नका.

युलाराहून नातवासाठी डिजरिडू आणि ठिपक्यांचं बूमरँग घ्यायचं आहे. खरं कसं ओळखायचं?
– एक आजी, सिडनी

आजी, डिजरिडू तिथलं नव्हेच हो! ते उत्तरेकडच्या आर्नहेम लँडकडचं वाद्य. वाळवंटात दिसतं ते टुरिस्टांसाठी. इथलं म्हणजे "पुनू", लाकूडकाम. पिती म्हणजे लाकडी पसरट भांडी, शिवाय लाकडाचे सरडे, छोटे प्राणी, त्यावर तापलेल्या तारेने डागून काढलेली नक्षी. इनिंतीच्या लाल बियांच्या माळाही सुंदर असतात, नातवाला नाही तर तुम्हाला.

ठिपक्यांची कॅनव्हासवरची चित्रकला आपल्याला वाटते तेवढी जुनी नाही. नक्षी, वाळूवरच्या खुणा, अंगावरची रंगरंगोटी फार जुनी, पण ती बोर्डावर आणि कॅनव्हासवर आली 1971 मध्ये, पापुन्या नावाच्या वस्तीत. आता तिची नक्कल भरमसाठ होते. 2019 मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने एका कंपनीला 23 लाख डॉलर दंड केला, इंडोनेशियात बनवलेल्या वस्तू आदिवासींच्या म्हणून विकल्या होत्या. तर दुकानात तीन प्रश्न विचारा, कोणी केलं, कुठल्या गावचं, आणि त्यांना किती मिळतात. उत्तर देताना दुकानदार गडबडला तर ठेवून द्या. कल्चरल सेंटरमध्ये मारुकू आर्ट्स आहे, ती आनंगू कलाकारांचीच संस्था, तिथे वस्तूबरोबर करणाऱ्याचं नाव मिळतं. बूमरँग घ्यायचं तर तिथे विचारा. आणि ते परत येणारं नसेल, शिकारीचं बरंचसं परत येत नाही, नातवाला आधीच सांगून ठेवा.

थोडं लाजत लिहितेय. गेल्या वर्षी आम्ही गेलो होतो तेव्हा माझ्या सात वर्षांच्या मुलाने खिशातून एक लाल खडा आणला, घरी आल्यावर कळलं. घरात लागोपाठ आजारपणं चालली आहेत आणि सासूबाई म्हणतात तो दगड घराबाहेर काढ. खरं असतं का असं काही? आणि आता काय करू?
– एक वाचक, मेलबर्न

लाजू नका, तुमच्यासारखे इतके आहेत की पार्कवाले त्या दगडांना "सॉरी रॉक्स" म्हणतात. जगभरातून पार्सलं येतात, सोबत माफीच्या चिठ्ठ्या, बऱ्याच जणांचं तुमच्यासारखंच, घरात काहीतरी बिनसलं आणि दगडाकडे लक्ष गेलं. आजारपणाचं डॉक्टरांना विचारा, खड्याचा त्याच्याशी संबंध जोडायला मी तयार नाही. पण सासूबाईंच्या म्हणण्यात एक गोष्ट बरोबर आहे, तो तुमचा नाही. पार्कमधून दगड, वाळू, काहीही उचलणं कायद्यानेही चालत नाही.

मोठ्या माणसांनी याहून मोठा दगड उचललाय, ऐका. अ‍ॅलिसच्या उत्तरेला सुमारे 400 किलोमीटरवर कार्लू कार्लू आहे, इंग्रजी नाव डेव्हिल्स मार्बल्स, ग्रॅनाइटचे गोल गोल धोंडे एकमेकांवर ठेवल्यासारखे, स्टुअर्ट हायवेला लागूनच, नक्की थांबा. फ्लाइंग डॉक्टर सेवा, म्हणजे दूरच्या वस्त्यांत विमानाने डॉक्टर पोचवणारी सेवा, सुरू करणारे जॉन फ्लिन 1951 मध्ये वारले, आणि त्यांच्या अ‍ॅलिसजवळच्या समाधीवर ठेवायला तिथला एक प्रचंड धोंडा ट्रकवर घालून नेला. चांगला माणूस, देशाच्या वीस डॉलरच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे, पण धोंडा ज्यांचा त्यांना कोणी विचारलं नाही. चाळीसहून जास्त वर्षं तो समाधीवरच राहिला. 1999 मध्ये तो परत नेऊन ठेवला, आणि समाधी उघडी पडू नये म्हणून अ‍ॅलिसच्या आरेर्न्ते लोकांनी स्वतःच्या जमिनीवरचा दुसरा दगड दिला. तेव्हा एवढ्या प्रचंड धोंड्याचं निस्तरता येतं, तर तुमचा खडा कितीसा.

तुम्ही ऑस्ट्रेलियातच आहात त्यामुळे सोपं आहे. छोट्या डब्यात घालून पार्कच्या ऑफिसच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवा, पत्ता पार्कच्या वेबसाइटवर आहे. चिठ्ठी लांबलचक नको. पण खडा नेमका कुठून उचलला ते लिहा, कारण आलेले दगड परत ठेवायचे कुठे हीच त्यांची अडचण असते. माला वॉकवर होता, पाणवठ्याजवळ होता, की काटा जुटाच्या पार्किंगमध्ये? तुम्हाला माहीत नसणार. मुलाला विचारा, ओरडू नका फक्त, नाहीतर तो "आठवत नाही" म्हणेल.